पिवळ्या लोकरीचे अकराशे फेरे

मी पाण्याच्या मोटारी भरतो आणि बाळांचे लोकरीचे मोजे विणतो. या वाक्याचा पहिला अर्धा भाग अख्ख्या डोणगावाला माहीत आहे. दुसऱ्या अर्ध्या भागाविषयी आमच्या घरात बोलायला बंदी आहे.

मोटार भरणं म्हणजे काय, ते आधी सांगतो. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती उचलून माझ्या दुकानात आणतो. मी तिच्या पोटातली जळकी तार उपसून काढतो आणि नवी तांब्याची तार फेरे मोजून बसवतो. मोजण्यात चूक झाली, तर मोटार पाणी ओढायच्या ऐवजी धूर ओढते. तीस वर्षं मी फेरे मोजतोय. झोपेतही मोजतो, असं कमल म्हणते. (कमल म्हणजे माझी बायको. ती जागेपणी माझ्या चुका मोजते. तिचा आकडा माझ्यापेक्षा मोठा आहे.)

आमची एकुलती एक लेक स्वाती, बुलढाण्याला दिलेली. तिच्या सासूबाई, म्हणजे आमच्या विहीणबाई, शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झालेल्या. ताठ बसणार, शुद्ध बोलणार आणि समोरच्याचं वाक्य चुकलं की नुसतं चष्म्यावरून बघणार. त्यांच्यापुढे मी 'मले' म्हणत नाही. 'मला' म्हणतो, आणि म्हणून झालं की घाम पुसतो.

स्वातीचं डोहाळजेवण त्यांच्याकडे होतं. जेवणं झाली आणि विहीणबाईंनी कपाटातून एक अर्धी विणलेली शाल काढली. फिकट पिवळी, मऊ, मधे मधे फुलं. बायकांच्या तोंडून एकदम "अय माय!" निघालं.

"क्रोशानं विणतेय," विहीणबाई म्हणाल्या. "बारशापर्यंत पूर्ण होईल. एकेक खांब, म्हणजे उभा टाका, मोजून घालावा लागतो."

मोजून! हा शब्द कानावर पडला आणि माझ्यातला कारागीर जागा झाला. (तो जागा झाला की घरावर संकट येतं, हे कमलला माहीत आहे. तिनं मला कोपरानं ढोसलं. पण उशीर झाला होता.)

"त्यात काय एवढं, ताई?" मी म्हणालो. "सुईनं फेरेच तर टाकायचे. ते आम्ही डोळे मिटून टाकतो."

विहीणबाईंनी चष्म्यावरून बघितलं.

"असं? मग व्याही, आजोबांकडून बाळाला मोजे येऊ द्या. साधेच. शिकाऊ मुली पहिल्यांदा तेच करतात. बारशाच्या दिवशी तेच घालू पायात."

"जोडी ना?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"बाळाला पाय दोनच असतात, व्याही."

सगळ्या हसल्या. स्वातीसुद्धा! पोटच्या पोरीनं हसल्यावर माणूस काय करणार? मी "देतो" म्हणून बसलो.

परतीच्या बसमध्ये कमल चिखली येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. मग म्हणाली, "तुमाले सुईत दोरा ओवता येते का?"

"क्रोशाच्या सुईला भोकच नसते."

"व्वा! म्हंजे अर्धं काम झालंच म्हना की!"

मी दुसऱ्याच दिवशी कामाला लागलो. सुई विकत कशाला आणायची? सायकलच्या चाकाची तार कापली, टोकाला कानसीनं आकडा घासला, झाली सुई. मेहकरला जाऊन शालीला शोभेल अशी तीच फिकट पिवळी लोकर आणली. आणि मोबाइलवर एका बाईचा व्हिडिओ लावला. ती बाई गोड हसत म्हणायची, "अगदी सोप्पं आहे!" आणि त्यानंतर तिची बोटं दिसेनाशी व्हायची. मी तो व्हिडिओ एवढ्या वेळा मागे नेला, की 'अगदी सोप्पं आहे' हे मला आता धमकीसारखं ऐकू येतं.

तरी मी शिकलो. आधी साखळी घालायची. मग तिच्यात मुका खांब, म्हणजे आखूड टाका, घालायचा. (मुका खांब! आपल्या घरातल्या माझ्या जागेला कुणीतरी इतकं अचूक नाव देऊन ठेवलंय, हे बघून मला भरून आलं.) तळवा विणायचा, गोल गोल वर जायचं, पुढे बोटांपाशी टाके कमी करत आणायचे, घोट्यापाशी थांबायचं. बस.

पहिला मोजा चार दिवसांत झाला. मी तो कमलच्या पुढ्यात ठेवला. तो उभाच राहिला. कशाचाही आधार न घेता! कमलनं तो उचलून टेबलावर आपटला. टक्कन आवाज आला.

"हे बाळाच्या पायात घालाचं का यानं खिळे ठोकाचे?"

चूक माझ्या हाताची होती. तीस वर्षं तांब्याची तार ताणून बसवलेला हात. लोकरही त्यानं तशीच ताणली होती. दुसऱ्या मोज्याला मी हात सैल सोडला, तर तो एवढा सैल सुटला की त्यात नारळ बसला. (बसवून बघितला.) तिसऱ्याची टाच पुढच्या बाजूला आली. ती कशी आली हे मी व्हिडिओतल्या बाईलाही विचारलं असतं, पण ती फक्त हसते.

हा तिसरा हातात धरून मी दुकानात विचार करत बसलो होतो, तेवढ्यात नारायण आला. नारायणची मोटार माझ्याकडे आठ दिवस पडून होती, आणि त्याची सोयाबीन झाल्यावरची हरभऱ्याची पेरणी पाण्यावाचून अडली होती.

"माही मोटार झाली का, भाऊ?"

"होऊन राह्यली."

"अन् हे पिवळं काय करून राह्यले?"

"काही नाही. पार्ट आहे एक."

नारायणनं तो पार्ट हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "स्टार्टरची टोपी काय हे? धूळ जाऊ नये म्हनून?"

मी काय सांगणार? "हाव," म्हणालो.

"मंग हे माह्याच स्टार्टरले राहू द्या," म्हणाला, आणि खिशात घालून निघून गेला! आजही डोणगावच्या शिवारात एका विहिरीवर एक स्टार्टर लोकरीचा मोजा घालून उभा आहे. नारायण सांगतो की तेव्हापासून तो एकदाही बिघडला नाही.

मधल्या काळात स्वाती बाळंतपणाला आमच्याकडे आली आणि मला नात झाली. इवलीशी, लालबुंद, मुठी आवळलेली. मी तिचे पाय बघितले आणि हादरलो. माझ्या अंगठ्याएवढा पाय! मी आतापर्यंत विणत होतो ते कोणाच्या पायासाठी? पुन्हा सुरुवात केली. चौथा बरा झाला. पाचवा चौथ्याहून बारीक. सहावा पाचव्याहून लांब. प्रत्येक मोजा आपापल्या जागी ठीक होता, फक्त दुसऱ्या कुणाशी त्याचं जमत नव्हतं. आणि सहाव्याच्या शेवटी लोकर संपली.

बारसं तेराव्या दिवशी. बाराव्या दिवशी सकाळी मी कमलला म्हणालो, "लोकर पाहिजे. आजच."

"शेजारच्या शोभाताई मेहकरले चालल्या. त्याहिले सांगते. आली की पिशवीत घालून खिडकीपाशी अडकवते. तुमी उगीच शोधत फिरू नका."

इथे आमच्या घराचा नकाशा सांगायला हवा. पुढच्या खोलीत माझं दुकान. मागे मधली खोली. दोन्हींच्या मधे एक गजांची खिडकी. त्या खिडकीला आतल्या बाजूनं खिळा आहे, त्याच्यावर पिशवी अडकवतात.

त्याच दिवशी अकराच्या बसनं विहीणबाई आल्या. बारशासाठी मुक्कामाला. त्यांनी शाल आणली होती. शाल पूर्ण झाली होती, फक्त कडेची झालर राहिली होती, ती दुपारच्या झोपेनंतर पूर्ण करणार होत्या. शाल त्यांनी एका पिशवीत घालून आणली होती. कोणत्या? स्वातीच्या लग्नात आम्ही पाहुण्यांना वाटलेल्या लाल पिशव्या होत्या, तसली. त्यांच्या घरी तसल्या पाच आहेत. आमच्या घरी तसल्या नऊ आहेत. आणि विहीणबाईंना पिशवी अडकवायला त्या खोलीत एकच खिळा दिसला.

दुपारी दीड वाजता जेवणं आटोपून सगळ्या बायका आत आडव्या झाल्या. मी दुकानात आलो, खिडकीतून बघितलं, तर खिळ्यावर लाल पिशवी! तिच्या तोंडातून पिवळ्या लोकरीचं टोक लोंबत होतं. शोभाताईंचं मला केवढं कौतुक वाटलं म्हणून सांगू!

माझे हात मोटारीच्या वार्निशनं काळे झालेले. पिशवीत हात घातला तर लोकर खराब होईल. म्हणून मी शहाणपणानं (हा शब्द मी इथे जपून वापरतोय) गजांतून पक्कड घातली, टोकाला लोकरीचं टोक धरलं आणि अलगद दुकानात ओढून घेतलं. आता गोळ्यातून लोकर ओढताना गाठी पडतात, हा माझा महिनाभराचा अनुभव. त्यापेक्षा ती आधीच रिळावर नीट गुंडाळून घ्यावी. त्यासाठी आमच्याकडे मशीन आहेच! तार गुंडाळायचं, हातानं फिरवायचं, फेरे मोजायला आकड्यांचं चाक लावलेलं. मी टोक रिळाला अडकवलं आणि मूठ फिरवायला लागलो. टर्र टर्र टर्र.

काय सुंदर येत होती लोकर! शंभर फेरे. दोनशे फेरे. अडीचशेला जरासा झटका बसला, आणि मग लोकर पुन्हा सुरू झाली, पण आता एका लयीत. थोडी येई, थोडी अडे, थोडी येई, थोडी अडे. आणि ती कुरळी येऊ लागली होती, शेवयांसारखी. मला वाटलं, गोळ्याच्या आतला माल जास्त भारी असेल.

चारशे. सहाशे. मी चकित झालो. एवढ्याशा पिशवीत एवढी लोकर? मेहकरचा दुकानदार मला दर वेळी फसवत होता आणि शोभाताईंना बघून त्यानं गोळा भरून दिला, अशी माझी खात्री पटली. आठशे. हजार! मी इतक्या आनंदात फिरवत होतो की मूठ गरम झाली.

अकराशेला लोकर अडली.

मी जरा ओढली. ती आली नाही. जोरात ओढली, तर तिकडून कुणीतरी ओढली!

आमच्याकडे गल्लीतला एक बोका येतो. लोकरीवर त्याचा महिनाभर डोळा होता. चौथा मोजा त्यानं एकदा पळवून छपरावर नेला होता. मी मूठ घट्ट धरली आणि ओरडलो, "सोड बे!"

तिकडून आणखी जोरात ओढ बसली.

"सोड म्हनतो ना! लय माजला काय बे? दूध पिऊ पिऊ पोट सुटलं तुहं! थांब, येऊन पाह्यतो तुह्याकडे!" आणि मी दोन्ही हातांनी मूठ गरकन फिरवली.

तिकडून आवाज आला. मांजराचा नव्हता.

"अय माऽऽय! माही शाल! माही शाल कोनं खाल्ली वो?"

मी खिडकीकडे बघितलं. गजांच्या पलीकडे विहीणबाई उभ्या होत्या. त्यांच्या एका हातात लाल पिशवी होती. दुसऱ्या हातात शालीचं जे काही उरलं होतं ते होतं. हातरुमालाएवढं. त्या रुमालाच्या कोपऱ्यातून एक पिवळा धागा निघाला होता, गजांतून आला होता, माझ्या दुकानातून गेला होता, आणि माझ्या मुठीपाशी संपला होता.

आजवर शुद्ध मराठी सोडून एक अक्षर न बोललेल्या बाई! आणि मी त्यांना काय काय बोललो होतो ते माझ्या डोक्यात एकेक करून परत यायला लागलं. 'माजला' आलं. 'दूध पिऊ पिऊ' आलं. 'पोट सुटलं' आलं, तेव्हा मी स्टुलावर बसलो.

"ताई," मी म्हणालो, "मले वाटलं बोका हाये."

(हे वाक्य सुचायला मला किती कष्ट पडले, आणि ते किती वाईट होतं!)

कमल धावत आली. तिनं रुमाल बघितला, धागा बघितला, रीळ बघितलं, मला बघितलं. तिनं ही चूक मोजलीच नाही. हे लग्नानंतर पहिल्यांदाच घडत होतं. मागून स्वाती आली, बाळाला खांद्यावर घेऊन. "बाबा, तुम्ही शाल उसवली? मशीननं?"

"अकराशे फेरे," मी म्हणालो. सवय, दुसरं काय! आकडा सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

विहीणबाई दुकानात आल्या. नारायणसारखे लोक बसतात त्या लाकडी बाकावर बसल्या. ताठ नाही. कशाही. मांडीवर तो रुमाल पसरला आणि त्याच्यावरून हात फिरवत राहिल्या.

"रोज सकाळी," त्या हळू म्हणाल्या, "स्वातीच्या पोटावर हात ठेवायची. बाळाला म्हणायची, उठलंस का? आणि मग दोन ओळी विणायची. रोज दोनच. घाई करायची नाही, असं ठरवलं होतं."

मी इथे विनोद करू शकत होतो, पण केला नाही. कुणी मला शिव्या दिल्या असत्या, तर बरं वाटलं असतं. मी उठलो, म्हणालो, "ताई, तुमी म्हनसान ते करतो. आत्ता मेहकरले जातो, तयार शाल आनतो, चांगल्यातली चांगली."

"तयार?" त्यांनी असं बघितलं की मी पुन्हा बसलो.

मग त्यांची नजर माझ्या मशीनकडे गेली. त्या उठून जवळ आल्या. रिळावर पिवळी लोकर थरावर थर बसली होती, तारेसारखी, एकही गाठ नाही, एकही धागा दुसऱ्यावर चढलेला नाही. विहीणबाईंनी बोट फिरवलं.

"हे एवढं मात्र," त्या म्हणाल्या, "नीट केलंय."

माझ्या आयुष्यात मला मिळालेलं ते सर्वांत मोठं सर्टिफिकेट होतं, आणि ते घेताना मला मान वर करता आली नाही.

"कमलताई, पातेल्यात पाणी उकळत ठेवा," विहीणबाई एकदम मुख्याध्यापिकेच्या आवाजात म्हणाल्या. "उसवलेली लोकर कुरळी असते, तिला वाफ द्यावी लागते. स्वाती, तू झोप. व्याही, तुम्ही तो वार्निश धुऊन या. कोपरापर्यंत."

आणि मग जे सुरू झालं, ते माझ्या सात पिढ्यांत कुणी केलं नसेल. कमल लोकरीला वाफ देत होती. मी मशीन उलटं फिरवत होतो. विहीणबाई माझ्या दुकानात, जळक्या मोटारींच्या मधे, बाकावर बसून विणत होत्या. मला फक्त दोन शब्द बोलायची परवानगी होती: "सोडू?" आणि "थांबू?" मधेच दोन गिऱ्हाइकं आली. दोघंही दारातून आत बघून परत गेली. चारच्या सुमाराला शोभाताई मेहकरहून परतल्या, आणि त्यांनी आणलेला नवा गोळा माझ्या हातात दिला. मी तो बघितला. केवढासा होता! खऱ्या गोळ्याचा आकार हाच असतो, हे मला तेव्हा कळलं.

संध्याकाळी विहीणबाईंनी मान मोकळी केली. "व्याही, तुमचे मोजे बघू."

मी घाबरत घाबरत पाच मोजे मांडले. (तिसरा नारायणच्या स्टार्टरवर ड्यूटीला होता.) त्यांनी एकेक उचलला. पहिला टेबलावर आपटून बघितला. टक्कन आवाज आला. त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. दुसऱ्यात त्यांनी अख्खी मूठ घातली. चौथा, पाचवा, सहावा ओळीनं ठेवले आणि खूप वेळ बघत बसल्या.

"व्याही, तुम्ही टाके मोजता?"

"मोजतो तर! बारा, मग चोवीस, मग..."

"पण प्रत्येक ओळीचा पहिला टाका तुम्ही कधी धरता, कधी सोडता. म्हणून एक मोजा वाढतो आणि एक आकसतो."

तीस वर्षं! तीस वर्षं फेरे मोजणाऱ्या माणसाला पहिला फेरा कुठून सुरू होतो ते कळत नव्हतं! मी एवढा हादरलो की त्या रात्रीच्या जेवणाला मला भूक नव्हती. (दोन भाकरी मात्र खाल्ल्या.)

दुसऱ्या दिवशी सकाळी विहीणबाईंनी मला समोर बसवलं. सायकलच्या तारेची सुई बघून त्यांनी ती खिडकीबाहेर टाकली आणि स्वतःची दिली. "हात सैल. अजून सैल. ही लोकर आहे, मोटारीत बसवायची नाहीये. पहिला टाका धरा. सोडलात! उसवा." मी शाळेत जेवढा मार खाल्ला नसेल, तेवढं उसवलं. पण दुपारी दोन वाजता माझ्यासमोर दोन मोजे होते, आणि ते एकमेकांसारखे होते! मी ते शेजारी ठेवले, लांब जाऊन बघितले, जवळ येऊन बघितले. कमलच्या डोळ्यांत पाणी आलं. ते वाफेनं असेल. शालही झाली. आधीपेक्षा बरीच लहान, झालर नसलेली. "बाळ लहान आहे," विहीणबाई म्हणाल्या. "तिला लहानच पुरते."

इथे मी थांबायला हवं होतं. पण माझ्यातला कारागीर पुन्हा जागा झाला. नुसते मोजे ओकेबोके दिसतात, म्हणून मी कुणाला न विचारता प्रत्येक मोज्यावर एकेक मोत्यासारखी गुंडी लावली. स्वतःच्या हातानं.

पाच वाजता बारसं सुरू झालं. घर पाहुण्यांनी भरलं. पाळणा सजवला. बाळाच्या अंगावर शाल, पायात माझे मोजे. बाया वाकून वाकून बघत होत्या, "आजोबानं विनले? खरंच?" म्हणत होत्या. विहीणबाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी छाती फुगवून पाळण्याशेजारी उभा होतो.

आणि मला दिसलं, की उजव्या मोज्यावर गुंडी नाही.

तेरा दिवसांचं लेकरू, आणि पाळण्यात सुटी गुंडी! तोंडात गेली तर? नाकात गेली तर? कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर सत्तर बाया एकदम पाळण्यावर पडल्या असत्या. मी हळूच शालीखाली चाचपलं. नाही. दुपट्याच्या घडीत चाचपलं. नाही. बाळाच्या मुठी उघडून बघितल्या, तर ती रडायला लागली. "काय करून राह्यले?" कमल दात ओठ खात पुटपुटली. मी खाली वाकलो. मग गुडघ्यांवर आलो. मग पाळण्याखाली शिरलो.

वर पाळणा गाऊन झाला. स्वातीची नणंद, म्हणजे बाळाची आत्या, नाव ठेवायला पुढे आली. हे नाव विहीणबाईंनी दोन महिने विचार करून निवडलं होतं, आणि कुणालाही सांगितलं नव्हतं. आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं. सगळं घर कान देऊन ऐकू लागलं. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हातारी ओरडली, "सांग वो बाई मोठ्यानं, काय नाव ठेवलं?"

त्याच क्षणी, पाळण्याच्या पायाला चिकटलेली, मला ती दिसली.

"गुंडी!" मी जिवाच्या आकांतानं ओरडलो. "गुंडी! गुंडी!"

बाहेर टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या मते तो जरा जास्तच मोठा होता.

मी पाळण्याखालून डोकं बाहेर काढलं, तेव्हा विहीणबाई माझ्याकडे बघत होत्या. चष्म्यावरून नाही. चष्म्यातूनही नाही. चष्मा काढून.

नातीचं नाव इरावती आहे. दाखल्यावर तसंच आहे. बुलढाण्याला तिला सगळे इरावतीच म्हणतात. पण डोणगावात तिला घेऊन बाहेर पडलो, की नारायणपासून शोभाताईंपर्यंत प्रत्येक माणूस थांबून विचारतो, "काय, गुंडी आली काय आजोळले?" आणि ती पोरगी त्याच नावाला मान वळवते. मोजे विणून गावात नाव व्हावं, एवढीच माझी इच्छा होती. झालं. पण नातीचं, आणि तेही चुकीचं.